ब्लिदाची नोंदवही

दंगल शमली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर तो आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला. "या पोरांनी डोळ्यांदेखत बाप मारला जाताना पाहिलाय. उद्या मोठी झाली की ती काय करतील?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कणव असे, कधी भीती, कधी उघड संशय. पण कणव असणाऱ्याने आणि संशय असणाऱ्याने एक गोष्ट सारखीच गृहीत धरलेली असे. ज्याने सोसले, तो एक ना एक दिवस उलटणारच.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दंगलीत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मागे उरलेल्यांची संख्या अर्थातच त्याच्या कितीतरी पट. त्यांपैकी ज्यांना आम्ही जवळून पाहिले, ते रात्री दचकून उठत, फटाका वाजला तरी दार लावून घेत, काहीजण बोलेनासे झाले. पण सकाळ झाली की डबा घेऊन कामावर जात. त्यांनी कुणावर हात उगारल्याचे आम्हाला आठवत नाही. मग हा प्रश्न इतक्या सहजपणे आपल्या जिभेवर का येतो?

मनाच्या या जखमेला आज वैद्यकशास्त्रात नाव आहे. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हे नाव आपल्या अधिकृत यादीत घातले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालअपेष्टा त्यामागे होत्या. हा आजार झालेला माणूस हिंसक होतो का, ही चर्चाही तेव्हापासून जोरात सुरू झाली. मात्र त्याच्या पंचवीस वर्षे आधी हाच प्रश्न एका मुसलमान देशातल्या इस्पितळात, रक्तपात चालू असताना, एका डॉक्टरपुढे रोज येऊन उभा राहत होता. देश अल्जीरिया, गाव ब्लिदा आणि डॉक्टर फ्रांझ फॅनन. त्या इस्पितळाची हकिगत आपल्या वाचकांपुढे ठेवावी, कारण तिच्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

'जन्मजात हिंसक' ही कल्पना

फ्रेंचांनी अल्जीरिया जिंकायला सुरुवात केली १८३० मध्ये. सुपीक जमिनी हळूहळू युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या हाती गेल्या आणि मूळचा मुसलमान शेतकरी स्वतःच्या मुलखात मजूर झाला. ८ मे १९४५ रोजी, युरोपात महायुद्ध संपल्याचा जल्लोष चालू असताना, सेतिफ येथे स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यानंतर उसळलेल्या दंग्यात सुमारे शंभर युरोपीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून फौजेने व वसाहतवाल्यांनी हजारो मुसलमानांची कत्तल केली.

अशा देशात गुन्हे होतात, खून पडतात, याचे कारण कुणीही सांगू शकेल. पण अल्जिअर्सच्या वैद्यकीय विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञांना ते वेगळेच दिसले. त्यांचे आचार्य होते प्राध्यापक अन्त्वान पोरो. त्यांनी १९१८ साली 'मुसलमानी मनोविकारशास्त्रा'वर एक टिपण लिहिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी त्याचा पंथच उभा केला. अल्जीरियन मुसलमान हा मूळचाच आवेगी, भोळसट, खोटारडा आणि खुनशी असतो; त्याच्या मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग पुरेसा काम करत नाही, खालच्या थरातल्या उपजत प्रेरणाच त्याला हाकतात, अशी ही शिकवण होती. १९३२ मध्ये पोरो यांनी एका सहकाऱ्याबरोबर अल्जीरियन माणसाच्या 'गुन्हेगारी आवेगा'वर स्वतंत्र निबंधच लिहिला. डॉक्टर, वकील आणि न्यायाधीश यांच्या पिढ्या हे शिकून बाहेर पडल्या. इंग्रजांच्या मुलखातही तेच. डॉ. कॅरोदर्स यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५३ साली लिहिलेल्या ग्रंथात सर्वसाधारण आफ्रिकन माणसाची तुलना मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय माणसाशी केली होती.

हे वाचताना आपल्याला हसू येण्याचे कारण नाही. इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला तोही याच समजुतीवर. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्याबरोबर छप्परबंदांवरही शिक्का बसला. छप्परबंद ही आपल्याच समाजातली जमात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत तिचे नाव आजही आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली आणि शेजाऱ्यांच्या मनातली नोंद काही त्याबरोबर पुसली गेली नाही.

या कल्पनेची एक सोय असते. माणूस जन्मतःच हिंसक ठरवला की त्याच्यावर काय गुजरले हे विचारावेच लागत नाही.

नवा डॉक्टर

नोव्हेंबर १९५३ मध्ये ब्लिदाच्या इस्पितळात एक नवा विभागप्रमुख रुजू झाला. वय अठ्ठावीस. फ्रांझ फॅनन हा मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाचा, वर्णाने काळा. तो मुसलमान नव्हता, त्याला अरबी येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्सच्या बाजूने लढला होता, जखमी झाला होता आणि त्याबद्दल त्याला पदकही मिळाले होते. नंतर लिऑं येथे तो वैद्यक शिकला आणि सेंत-आल्बां येथे तोस्केल या स्पॅनिश निर्वासित डॉक्टराच्या हाताखाली तयार झाला. रुग्णाला बरे करायचे तर आधी इस्पितळ बरे केले पाहिजे, हे त्याचे तिथले शिक्षण.

ब्लिदाला त्याच्या ताब्यात १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष आले. गोऱ्यांचे आणि मुसलमानांचे विभाग वेगळे होते. फॅननने बांधून ठेवलेल्या रुग्णांना मोकळे केले आणि आपली नवी पद्धत सुरू केली. सभा, सण, गाणी, नाटके, हस्तकाम, रुग्णांनी काढलेले वार्तापत्र असा तो कार्यक्रम होता. युरोपीय स्त्रियांत त्याला चांगले यश आले. मुसलमान पुरुष मात्र ढिम्म. ते सभेला येत नसत, आले तरी गप्प राहत. भांडणे आणि कोंडून ठेवण्याचे प्रसंग तसेच चालू राहिले.

पोरोंच्या शिष्याने इथे 'पाहा, आम्ही म्हणत होतो ना' म्हणून हात झटकले असते. फॅनन आणि त्याचा तरुण सहकारी झाक आझुले यांनी चूक स्वतःकडे शोधली. ज्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही त्यांना फ्रेंच वार्तापत्र कशाला? ज्याने जन्मभर नांगर धरला त्याला विणकाम द्यायचे, जे तो बायकांचे काम समजतो? त्याच्याशी दुभाष्यामार्फत बोलायचे, आणि दुभाषा तर त्याने आजवर फक्त कोर्टात आणि कचेरीत पाहिलेला. आपण एका समाजाचे इस्पितळ दुसऱ्या समाजावर लादले, हे त्यांनी १९५४ च्या लेखात सरळ कबूल केले.

मग इस्पितळात अरबी धाटणीचा कहवाखाना निघाला. ईद साजरी होऊ लागली. किस्से सांगणारा कथेकरी बोलावला गेला. शेतीकाम आणि फुटबॉलचे मैदान आले. माणसे बोलू लागली. मेंदूचा कुठलाही थर बदलला नव्हता. भोवतालचे वागणे तेवढे बदलले होते.

लढाई इस्पितळात शिरते

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा पुकारला. पाहता पाहता देशभर धरपकड, बॉम्ब, गावेच्या गावे उठवणे आणि कोठडीतला छळ सुरू झाला. अंदाजे वीस लाख खेडुतांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडण्यात आले. ब्लिदाच्या इस्पितळात आता दोन्ही बाजूंची माणसे येऊ लागली. ज्यांचा छळ झाला ते, आणि ज्यांनी छळ केला तेही. लढवय्यांवर तिथे गुपचूप उपचारही होत. १९५६ च्या अखेरीस फॅननने निवासी मंत्री लाकोस्त यांना पत्र लिहून राजीनामा दिला. १९५७ च्या जानेवारीत त्याला हद्दपार करण्यात आले. तो ट्युनिसला गेला, मुक्ती आघाडीत उघडपणे सामील झाला आणि तिथेही इस्पितळात काम करत राहिला.

१९६१ साली, रक्ताच्या कर्करोगाने खंगत असताना, त्याने आपले शेवटचे पुस्तक सांगून लिहवून घेतले. इंग्रजीत ते 'द रेचेड ऑफ द अर्थ' या नावाने प्रसिद्ध आहे. पुस्तक बाहेर पडले आणि काही दिवसांतच, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या एका इस्पितळात तो वारला. वय होते छत्तीस. तिथे त्याची नोंद इब्राहिम फॅनन या नावाने झाली होती. त्याची मय्यत आणून अल्जीरियाच्या मातीत दफन करण्यात आली.

या पुस्तकाचा पहिला भाग जगभर गाजला. गुलामाने उचललेले शस्त्र त्याला न्यूनगंडातून मोकळे करते, असे त्यात फॅनन म्हणतो. सार्त्रने प्रस्तावनेत त्यावर आणखी तेल ओतले. त्यामुळे फॅनन म्हणजे हिंसेचा प्रेषित, अशी त्याची प्रतिमा झाली. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण आहे, ज्याकडे वाचक अनेकदा वळतच नाहीत. वसाहतीची लढाई आणि मनाचे आजार, असा त्याचा विषय. १९५४ ते १९५९ या काळातल्या रुग्णांच्या त्या नोंदी आहेत. आम्ही या लेखात जिला नोंदवही म्हणतो ती हीच.

पहिला भाग घोषणा देतो, नोंदवही फक्त तपासते. आणि तपासताना तिला जे सापडते ते घोषणेला नेहमीच पोषक नसते.

चार नोंदी

पहिली नोंद एका शेतकऱ्याची. वय ३७. त्याच्या गावावर फौज आली, पुरुषांना एकत्र करून गोळ्या घातल्या. तो गोळ्या लागूनही वाचला. मुक्ती सैनिकांनी त्याला आसरा दिला. काही दिवसांनी त्याला वाटू लागले की भोवतालचे लोक वेष पालटून आलेले फ्रेंच आहेत. एका रात्री सैनिकाची बंदूक हिसकावून त्याने झोपलेल्या साथीदारांवर गोळ्या झाडल्या. ज्यांनी वाचवले त्यांच्यावरच तो तुटून पडला. इस्पितळातही तो कुणालाही मारायला उठे. पुढे उपचारांनी तो शांत झाला. आघात आणि हिंसा यांचा थेट धागा या नोंदीत दिसतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हेही दिसते की त्याच्या हिंसेला शत्रू ओळखता येत नव्हता आणि ती कायमची नव्हती.

दुसरी नोंद एका विद्यार्थ्याची. वय अवघे एकोणीस. एका फ्रेंच सैनिकाने त्याच्या आईला गोळी घातली, दोन बहिणींना पकडून नेले. तो लढ्यात शिरला. एकदा एका गोऱ्या वसाहतवाल्याच्या मळ्यावरच्या कारभाऱ्याच्या घरी त्यांची टोळी गेली. कारभारी घरी नव्हता. त्याची बायको गयावया करू लागली. या मुलाला आपली आई आठवली आणि त्याने तिला सुऱ्याने मारले. त्यानंतर ती बाई रोज रात्री त्याच्यापुढे येऊ लागली. आपले रक्त कुणीतरी शोषून घेत आहे असे त्याला वाटू लागले. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सूड घेतल्याने आईची जखम भरली का? तिच्याशेजारी दुसरी जखम मात्र झाली.

तिसरी नोंद एका युरोपीय पोलीस निरीक्षकाची. हा स्वतःहून आला. घरी त्याचे डोके फिरते, तान्ह्या लेकराला तो मारतो. एकदा बायकोने टोकले तर त्याने तिलाच बडवून खुर्चीला बांधले. नोकरी काय, तर कैद्यांकडून माहिती काढणे. एकेकाचा तासन्तास छळ करावा लागतो, हात दुखतात, असे तो सांगत होता. ही नोकरी सोडण्याचा त्याचा विचार नव्हता. डॉक्टरने आपल्याला अशी मदत करावी की मनाला टोचणी न लागता, घरात त्रास न होता, कैद्यांचा छळ शांतपणे करता यावा, ही त्याची मागणी होती.

या नोंदीवर आम्ही थोडे थांबतो. आघाताने हिंसा येते असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे नेहमी मार खाणारा येतो. इथे मारणारा आहे, आणि कोठडीतली हिंसा त्याच्याबरोबर चालत घरी आली आहे. त्याच्या हिंसेची सुरुवात आजारातून झाली नव्हती. ती पगारी होती, हुकमाने चाललेली होती. आजार नंतर आला आणि त्याची किंमत भरली बायकोने आणि तान्ह्या मुलाने.

चौथी नोंद दोन मुलांची. एक तेरा वर्षांचा, दुसरा चौदा. दोघांनी आपल्याच वयाच्या एका युरोपीय मुलाला टेकडीवर नेऊन सुऱ्याने मारले. तो त्यांच्याबरोबर नेहमी खेळणारा मित्र होता. न्यायालयाने फॅननला तपासणीसाठी बोलावले. मुलांनी काही लपवले नाही. त्यांच्याकडे मोठ्यांना मारण्याची ताकद नव्हती, आणि हा तर त्यांच्यावर विश्वास ठेवून बरोबर येणारा होता. थोरल्याने डॉक्टरला विचारले की आमची माणसे मारली जातात त्यासाठी कुणी गोरा तुरुंगात गेला आहे काय? त्याच्या नात्यातले दोघे मारले गेले होते. फॅनन या मुलांना वेडे ठरवत नाही. त्यांची बाजूही घेत नाही. तो संवाद लिहून ठेवतो आणि थांबतो. आम्हाला मात्र त्या तिसऱ्या मुलाची याद सोडत नाही. तो कुणाचाही शत्रू नव्हता.

मधली पाने

या चार नोंदी वाचल्या की वाटते, लोक म्हणतात तेच खरे. सोसलेला माणूस उलटतोच. पण नोंदवहीची उरलेली पाने उलटली पाहिजेत, आणि तीच संख्येने जास्त आहेत.

त्यांत एक टॅक्सीचालक आहे. लढ्यात गुंतल्यामुळे त्याला घर सोडावे लागले. मागे फौजेने त्याच्या बायकोवर अत्याचार केला. त्याने कुणाला मारले नाही. त्याची झोप गेली, भूक गेली, पुरुषत्व गेले, आणि बायकोला परत घ्यावे की नाही या विचारात तो आतल्या आत कुरतडला गेला. वीज लावून ज्यांचा छळ झाला त्यांना घरातल्या दिव्याचे बटण दाबायची भीती वाटू लागली. कुणी बोलेनासे झाले. सीमेवर पळून आलेल्या निर्वासित बायका बाळंतपणानंतर भ्रमिष्ट होत. काहींना पोटाचे व्रण झाले, काहींची पाळी बंद झाली, काहींचे केस अकाली पांढरे झाले, काहींचे अंग लाकडासारखे ताठले. एका पोलिसाला इस्पितळाच्या आवारात त्याचा जुना कैदी अचानक दिसला आणि पोलीस घामाघूम होऊन झाडाला टेकला. कैद्याची गत आणखी वाईट. पोलीस आपल्याला परत न्यायला आला आहे असे समजून तो शौचालयात जीव द्यायला निघाला.

ही आहेत मधली पाने. जखम बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा आत वळते. ती दिसत नाही, तिचा गवगवा होत नाही, वर्तमानपत्रात येत नाही. म्हणून आपण तिला मोजत नाही. आणि जी एखादी बाहेर वळते तिच्यावरून सगळ्यांचा हिशेब करतो.

आणखी एक नोंद फॅननने तळटीपेत घातली आहे. स्वतंत्र झालेल्या एका देशातला हा जुना क्रांतिकारक. त्याने ठेवलेल्या बॉम्बने दहा माणसे मेली होती. आपण केले ते चुकीचे होते असे त्याला वाटत नव्हते. पण देश स्वतंत्र झाल्यावर त्याची जुन्या शत्रुराष्ट्रातल्या काही भल्या माणसांशी दोस्ती झाली. दर वर्षी त्या तारखेच्या सुमारास त्याची झोप उडे आणि मरावेसे वाटे. शस्त्र मन मोकळे करते असे पहिल्या भागात सांगणारा फॅनन शेवटच्या भागात ही टीप लिहितो, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे.

पोरोंच्या पंथालाही त्याने याच प्रकरणात उत्तर दिले. उपाशी माणूस शेजाऱ्याशी मूठभर धान्यावरून भांडतो, एकमेकांचा गळा धरतो. मालक दूर असतो, शेजारी जवळ असतो. लढा सुरू झाल्यावर आपापसांतले असे गुन्हे घटले, असे त्याचे निरीक्षण होते. मेंदू तोच, माणूस तोच. मग बदलले काय? परिस्थिती. म्हणून अल्जीरियन माणसाचा गुन्हा हा त्याच्या रक्ताचा गुण नसून वसाहतीची पैदास आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

आजचे संशोधन काय म्हणते

फॅननपाशी आकडे नव्हते. ते पुढे आले, आणि बहुतेक सैनिकांच्या अभ्यासातून आले. १९८० मध्ये नाव मिळाले, २०१३ च्या सुधारित व्याख्येत चिडचिड आणि रागाच्या भरात केलेली शाब्दिक वा शारीरिक आक्रमकता हे पीटीएसडीचे एक लक्षण म्हणून धरले गेले. तेव्हा संबंध आहे. पण किती?

२०१३ साली ब्रिटनमधील १३,८५६ आजी-माजी सैनिकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते युद्धभूमीवर पाठवले गेल्याने हिंसक गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. प्रत्यक्ष लढलेल्यांत मात्र ते वाढले होते. ज्यांना पीटीएसडी होता, जे अतिमद्यपान करत, ज्यांचा राग अनावर होई, त्यांच्यातही ते अधिक होते. फौजेत येण्याआधीच मारामाऱ्या करणारेही त्यांत बरेच निघाले.

२०१४ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास आला. वर्षभरात गंभीर हिंसा केली असे किती, हे त्यात पाहिले होते. ज्यांना पीटीएसडीही नव्हता आणि दारूचे व्यसनही नव्हते, त्यांच्यात शंभरांत सुमारे पाच. नुसता पीटीएसडी असलेल्यांत दहा. नुसते व्यसन असलेल्यांत जवळजवळ अकरा. आणि दोन्ही असलेल्यांत छत्तीस. याचा अर्थ नीट वाचावा. नुसता पीटीएसडी असलेल्या शंभरांतल्या नव्वदांनी असे काही केले नव्हते, आणि हे बंदूक चालवण्याचे शिक्षण मिळालेले लोक होते. जखमेला नशा मिळाली की मात्र गणित पार बदलते. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना राहायला घर, हाताला काम, घरखर्चापुरता पैसा आणि जवळची माणसे होती, त्यांच्यात हिंसा कमी होती.

आमच्या मते हा निष्कर्ष आपल्या मोहल्ल्यांसाठी सोन्याच्या मोलाचा आहे. दंगलग्रस्त पोराकडे संशयाने पाहण्यापेक्षा त्याला काम मिळाले का, घर मिळाले का, तो दारूच्या गुत्त्यावर किंवा 'कुत्ता गोळी'च्या नादाला तर लागला नाही ना, हे पाहावे.

दोष आणि साखळी

फॅननने १९५६ साली फ्रांस्वा सांचेझ या सहकाऱ्याबरोबर आणखी एक लेख लिहिला. मगरिबातला मुसलमान वेड्या माणसाकडे कसा पाहतो, हा विषय. त्यात त्याला एक गोष्ट फार मोलाची वाटली. युरोपात वेड्याने कुणाला मारले तर लोकांच्या मनात किंतु राहतो. त्याने थोडे मुद्दामच केले असावे असे वाटते. अल्जीरियाच्या खेड्यात तसे नव्हते. ते जिनाने केले, त्याने नाही, अशी समजूत. त्यामुळे तो बरा झाल्यावर कुणी त्याला हिणवत नसे, जुना राग धरत नसे. तो पुन्हा आपल्यातला होई. डॉक्टर म्हणून फॅननला जिनावर विश्वास ठेवायचे कारण नव्हते. पण माणसाला त्याच्या आजारापासून वेगळे पाहण्याची ती रीत त्याला आदरणीय वाटली. मात्र भावनेवर विसंबून चालणार नाही, इस्पितळे आणि उपचारही लागतील, हेही त्याने नोंदवले.

आपल्याकडील दर्ग्यांत 'हाजरी'ला आणलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना घेऊन येणाऱ्या आयांच्या मनात राग नसतो, हे खरे. पण त्याच जागी साखळीही असते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे झोपडीला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली. दोष न देण्याची आपली जुनी रीत ठेवावी, साखळी मात्र काढावी. फॅननने ब्लिदाला हेच केले होते.

सारेच आजारी नसतात

एक सावधगिरी बाळगलीच पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. सगळी हिंसा जखमेतून येत नाही. जनरल पॉल ओसारेस यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात अल्जीरियात छळ केल्याचे आणि कैद्यांना ठार केल्याचे सांगितले. पश्चात्ताप नाही, हेही सांगितले. ते आजारी नव्हते, काम करत होते. दंगलीच्या याद्या करणारे, घरांवर खुणा करणारे आजारी नसतात. अशांच्या हिंसेला 'आघात' म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला दवाखान्याच्या दाराने सोडून देणे होय. आणि जखमी माणसालाही आम्ही सरसकट माफी मागत नाही. विद्यार्थ्याची व्यथा खरी होती, तशी त्याने मारलेली बाईही खरी होती. कारण समजणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे.

अल्जीरिया ५ जुलै १९६२ रोजी स्वतंत्र झाला. फ्रान्सने दहा लाखांहून अधिक तरुणांना सक्तीने त्या लढाईवर पाठवले होते. ते परतले आणि गप्प बसले. कुणी त्यांना विचारले नाही, कारण सरकारच्या लेखी ते युद्धच नव्हते. सैनिकांच्या मानसिक जखमांना फ्रान्सने रीतसर मान्यता देणारा हुकूम काढला १९९२ मध्ये. अल्जीरियात झाले ते युद्ध होते हे कायद्याने मान्य केले १९९९ मध्ये. तोवर कितीतरी घरांनी ते मौन सोसले. ब्लिदाच्या इस्पितळाला आज फॅननचे नाव आहे.

तर मूळ प्रश्नाकडे. डोळ्यांदेखत बाप गमावलेली ती पोरे उद्या काय करतील? नोंदवहीचे उत्तर असे की बहुतेक जण कुणालाही काही करणार नाहीत, स्वतःला मात्र आतून खात राहतील. काही थोडे बाहेर उलटतील, आणि ते किती असतील हे त्यांच्या रक्तावर नाही, आपण त्यांना एकटे सोडतो की नाही यावर बरेच अवलंबून आहे. न्याय मिळाला का, हा चौदा वर्षांच्या मुलाचा प्रश्नही त्यातच येतो.

ती पोरे आता चाळिशीत आहेत. त्यांना स्वतःची मुले आहेत. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणी भेटला तर तो काय करील असे न विचारता, रात्री झोप लागते का, एवढे विचारून पाहावे. आम्ही उशिरा का होईना, विचारायला सुरुवात केली आहे.